कातळावरचं फुरसं आणि परळची प्रयोगशाळा

रत्नागिरी जिल्ह्यात एके काळी फुरसं, हा लहानसा विषारी साप, मारून आणणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली ही गोष्ट. सहा वर्षांची सरासरी काढली तर दर वर्षाला २,२५,७२१ फुरशी मारली गेली, असा हिशेब जी. डब्ल्यू. विडाल या इंग्रज मुलकी अधिकाऱ्याने १८९० साली छापून ठेवला आहे. हा आकडा मुंबई इलाख्याचा नव्हे, एका जिल्ह्याचा. तेव्हाच्या रत्नागिरीत आजच्या सिंधुदुर्गातले देवगड, मालवण, वेंगुर्ला हे तालुके येत होते. सावंतवाडी वेगळं संस्थान होतं. तेवढं लक्षात घेतलं तरी कोकणाबाहेरच्या माणसाला हा आकडा खोटा वाटतो.

मला वाटला नाही. राजापूर तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधनिर्माता म्हणून माझी नोकरी झाली आणि माझं माहेरही सड्याकाठच्याच, म्हणजे जांभ्याच्या कातळपठाराकाठच्या, वाडीतलं. पाऊस ओसरला, सड्यावरचं गवत पिवळं पडायला लागलं की आमच्याकडे दोन कामं एकदम निघतात, भातकापणी आणि गवतकापणी. गवत कापणारी बाई खाली वाकते, डाव्या हातात मूठ धरते, उजव्या हाताने विळा फिरवते. ती मूठ जिथे जाते तिथेच जांभ्याच्या फटीत, गवताच्या बुडाशी फुरसं बसलेलं असतं. आमच्या केंद्रात यायच्या त्या बायकांचा दंश बहुतेक वेळा डाव्या हाताच्या बोटावर असायचा आणि पुरुषांचा पायावर, रात्री पाणंदीतून येताना झालेला. गडगा रचणाऱ्यांचा, चिरेखाणीवरच्या मजुरांचा दंश हाताच्या पंजावर. जखम कुठे आहे ते बघून माणूस काय करत होता ते सांगता यायचं.

फुरसं वीतभर ते हातभर लांबीचं. रंग मातीचा, पाठीवर फिकट ठिपक्यांची रांग, दोन्ही बाजूंना नागमोडी पांढरट रेघ आणि डोक्यावर बाणासारखी किंवा पक्ष्याच्या पावलासारखी खूण. डिवचलं की ते पळत नाही. अंगाची वेटोळी इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी करतं आणि ती एकमेकांवर घासतं. त्याच्या कुशीवरचे खवले तिरके आणि करवतीसारखे दातेरी असतात, त्यांच्या घर्षणाने खर्रर्र असा आवाज निघतो. नाग फूत्कारतो, घोणस तर कुकरच्या शिट्टीसारखी. फुरशाचा हा आवाज मात्र तोंडातून येत नाही, कातडीतून येतो. ज्याने तो एकदा ऐकला तो पाय उचलायच्या आधी थांबतो. फुरशाची मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते, आणि बोटाएवढ्या पिल्लाच्या दातांतही पहिल्या दिवसापासून विष असतं. खायला विंचू, गोमी, किडे, लहान बेडूक, पाली, उंदराची पिल्लं, जे मिळेल ते. म्हणूनच वर्षाला सव्वादोन लाख मारूनही ते संपलं नाही. कातळावर विंचवाला तोटा नाही आणि फटींनाही नाही.

बक्षिसाची ती योजना आली कुठून हे समजायला त्या वेळचं सरकारी डोकं समजून घ्यावं लागतं. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात जोसेफ फेयरर नावाचे शल्यचिकित्सक होते. १८७२ साली त्यांचा भारतातल्या विषारी सापांवरचा मोठा थोरला ग्रंथ निघाला. कलकत्त्याच्या कलाशाळेत शिकणाऱ्या देशी चित्रकारांनी त्यातली रंगीत चित्रं काढली होती, खवल्याला खवला जुळवून. फेयररनी सरकारी दप्तरांतून १८६९ सालचे सर्पदंशाचे मृत्यू गोळा केले तेव्हा बंगाल, पंजाब, अवध, मध्य प्रांत, ब्रह्मदेश वगैरे मिळून ११,४१६ मृत्यू भरले. यात मुंबई इलाखा नव्हताच. सगळा देश धरला तर वीस हजारांवर जाईल, असा त्यांचा अंदाज. हे आकडे विलायतेत पोचले आणि साप हा वाघासारखाच सरकारचा शत्रू ठरला. वाघाच्या कातडीला बक्षीस, सापाच्या मुंडक्यालाही बक्षीस.

फेयररचं काम मी फार मानते. पण त्यांची नजर नागावर होती आणि बहुतेक सरकारी अहवालांचीही. गावचा पोलीसपाटील मामलेदाराला कळवणार, मामलेदार कलेक्टरला, आणि प्रत्येक पायरीवर साप हा नाग होत जाणार. विडालनी १८९०च्या लेखात नेमकं यावर बोट ठेवलं. लेख उत्तर कानड्यातल्या विषारी सापांच्या यादीचा. पण त्यातला जीव यादीत नाही, तक्रारीत आहे. सरकारी आकडेवारीत कुठला साप चावला याची नोंद भरवशाची नाही, असं ते सांगतात. फुरशाला लहान आणि म्हणून कमी घातक समजलं जातं. पण जिथे फुरशी भरपूर तिथेच सर्पदंशाचे मृत्यू जास्त, हे त्यांनी रत्नागिरीच्या अनुभवावरून मांडलं. फुरसं नजरेतून सुटलं याचं कारणही त्यांच्या माहितीत आहे. नागाचं विष काही तासांत श्वास बंद पाडतं. फुरशाचा माणूस चालत घरी येतो, जेवतो, दुसऱ्या दिवशी कामालाही जातो. मग हिरड्यांतून रक्त, लघवीतून रक्त, आणि काही दिवसांनी तो जातो. तोवर साप कुणी पाहिलेला असतो, कुणी विसरलेला असतो.

हे विडाल कोण? ते मूळचे पक्षीवाले. दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची त्यांची यादी १८८० साली ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात आली होती. कोकणात कोण कोण राहतं हे नीट बघणारा, त्याला नाव देणारा माणूस होता तो. आणि तो लेख छापला गेला तो मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये. १८८३च्या सप्टेंबरात भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ जणांनी जमून ही संस्था काढली. त्या आठांत दोन मराठी डॉक्टर होते, प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. १८८६ला जर्नल सुरू झालं आणि पुढची कित्येक दशकं सापांवरचा बराचसा अभ्यास याच पानांवर झाला. लष्करी डॉक्टर फ्रँक वॉल यांनी सापांवरची लेखमाला इथेच चालवली. विषारी साप ओळखायची त्यांची रीत मी स्वतः शिकले, ती अशी: डोक्यावर बारीक खवले आणि पोटावर रुंद पट्ट्या असतील तर तो घोणस-फुरशाच्या घराण्यातला, पाठीच्या मधल्या रांगेतले खवले मोठे आणि षटकोनी असतील तर मण्यार, वरच्या ओठाचा तिसरा खवला डोळ्याला आणि नाकपुडीच्या खवल्यालाही टेकत असेल तर नाग. रंगावर जाऊ नका, खवले मोजा, असं सांगणारी ही रीत. मेलेला साप पिशवीतून केंद्रात यायचा तेव्हा मी ट्रेमध्ये ठेवून चिमट्याने उलटा करून हेच बघायचे.

आता औषधाकडे येते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रेंच डॉक्टर अल्बेर काल्मेत यांनी घोड्याला नागाचं विष थोडंथोडं टोचत नेऊन त्याच्या रक्तातून प्रतिविष तयार केलं. व्हिएतनाममध्ये, तेव्हाच्या सायगावला असताना, त्यांना या कामाची ओढ लागली होती. १८९५च्या सुमारास त्यांचं सीरम वापरात आलं आणि ते कुठल्याही सापाच्या विषावर चालेल, असा त्यांचा दावा होता. तो दावा तपासला गेला तो मुंबईत, परळला.

परळचं जुनं गव्हर्नमेंट हाउस १८९९मध्ये वाल्डेमार हाफकिन यांच्या प्लेग रिसर्च लॅबोरेटरीला मिळालं. मुंबईत माणसं प्लेगने मरत होती, लस बनवायला जागा हवी होती. गव्हर्नरच्या जुन्या दालनांत बाटल्या आणि पिंजरे आले. त्या प्रयोगशाळेत इंडियन मेडिकल सर्व्हिसचे कॅप्टन जॉर्ज लॅम हे तरुण डॉक्टर प्लेगचं काम करता करता सापाच्या विषावर काम करत होते. त्यांनी आणि हॅना या सहकाऱ्याने फ्रान्सहून आलेलं काल्मेतचं सीरम शुद्ध नागविषाविरुद्ध मोजून पाहिलं. निष्कर्ष १९०१च्या सुमारास प्रसिद्ध झाले. एक म्हणजे हिंदुस्थानच्या उकाड्यात साठवलेल्या सीरमची ताकद कमी होत जाते. दुसरी गोष्ट पुढच्या काही वर्षांत लॅमनी पक्की केली: नागाच्या विषावर बनवलेलं सीरम घोणशीच्या विषावर काम करत नाही. ऑस्ट्रेलियात चार्ल्स मार्टिन हेच म्हणत होते. प्रत्येक विषाला त्याचं त्याचं प्रतिविष लागतं.

माझ्या मते सर्पदंशाच्या सगळ्या इतिहासात यापेक्षा महत्त्वाचं वाक्य नाही. आणि ते प्लेगच्या धावपळीत, परळच्या एका कोपऱ्यात सिद्ध झालं याचा मुंबईला अभिमान वाटायला हवा. त्याच प्रयोगशाळेच्या, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेच्या, आवारात मी पहिल्यांदा गेले ती साध्या प्रशिक्षणासाठी. तेव्हा तिथे मिळालेल्या माहितीत प्लेगची लस होती, लॅमचं नाव नव्हतं. हे मला आजही खुपतं.

लॅम पुढे कसौलीला गेले आणि देशातलं पहिलं सर्पविषरोधक सीरम कसौलीतच तयार होऊ लागलं. ते नाग आणि घोणस या दोन सापांचं होतं. त्यात फुरसं नव्हतं. म्हणजे विडालनी धोक्याची घंटा वाजवून झाल्यावर आणि लॅमनी नियम सांगून झाल्यावरही कित्येक वर्षं रत्नागिरीच्या इस्पितळात फुरशाचा रुग्ण आला तर त्याच्यासाठी बनवलेलं औषध देशात नव्हतं. याला कुणाचा दुष्टपणा कारण नव्हता. एका ग्रॅम सुक्या विषासाठी शेकड्यांनी फुरशी लागतात. एकाकडून जेमतेम काही मिलिग्रॅम मिळतं. नागाच्या एका दंशातूनच त्याच्या कितीतरी पट मिळतं. कसौली हिमालयाच्या डोंगरात, फुरसं कोकणच्या कातळावर. पण गवत कापणाऱ्या बाईला हे कारण सांगून काय उपयोग?

त्या मधल्या काळात खेड्यापाड्यांत पोचलं ते पोटॅशियम परमँगनेट. १९०४मध्ये लॉडर ब्रंटन, फेयरर आणि लेनर्ड रॉजर्स यांनी सुचवलेला उपाय: जखम छोट्या पात्याने चिरायची आणि त्यात जांभळे खडे चोळायचे. पातं आणि खडे एकत्र ठेवलेली लहान लाकडी नळी यासाठी मिळत असे. फुरशाच्या दंशावर यापेक्षा वाईट काही नाही, कारण त्या माणसाचं रक्त गोठत नसतं आणि आपण त्याला आणखी एक जखम देतो. गावात चिरा मारण्याची सवय इतकी खोल गेली की मी नोकरीला लागले तेव्हाही ब्लेडने चिरलेली बोटं घेऊन लोक यायचे. अशा बोटातून रक्त थांबता थांबत नसे. बहुतेक जण आधी देवळात किंवा उतारा करणाऱ्याकडे जाऊन मग आमच्याकडे येत. मी त्यांना कधी रागावले नाही. ज्या आजोबांच्या काळात इस्पितळात औषधच नव्हतं, त्यांनी देवाकडे नाही तर कुठे जावं?

फुरसं सीरममध्ये आलं ते स्वातंत्र्याच्या आगेमागे. प्लेगच्या प्रयोगशाळेचं नाव १९२५ला हाफकिन इन्स्टिट्यूट झालं होतं आणि १९३२पासून साहिबसिंग सोखी हे पहिले भारतीय संचालक तिथे होते. लस, सीरम, औषधं हे सगळं देशात आणि स्वस्तात बनलं पाहिजे, हा त्यांचा ध्यास. याच काळाच्या पुढेमागे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषाविरुद्धचं एकच सीरम तयार होऊ लागलं. हाफकिनमधले सर्पतज्ज्ञ डॉ. पी. जे. देवरस यांनी तिथल्या सर्पालयातल्या सापांचं विष किती निघतं याच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या. १९६५ साली नॅशनल बुक ट्रस्टने त्यांचं भारतातल्या सापांवरचं पुस्तक काढलं. ज्या फुरशाचं डोकं आधी बक्षिसासाठी मोजलं जायचं, त्याच्या विषाचा थेंब आता मिलिग्रॅमच्या तराजूवर मोजला जाऊ लागला. मेलेल्या फुरशाला किंमत होती तिथे जिवंत फुरशाला किंमत आली.

सीरम बनतं कसं ते थोडक्यात सांगते. काचपात्राच्या तोंडावर पातळ पडदा ताणलेला असतो, सापाला मानेशी धरून त्यावर चावायला लावतात. पिवळसर थेंब आत गळतो, तो सुकवतात. त्या विषाची अगदी थोडी मात्रा निरोगी घोड्याला टोचतात, आठवड्यांच्या अंतराने वाढवत नेतात. काही महिन्यांनी घोड्याच्या रक्तात प्रतिपिंडं भरपूर झाली की ठरावीक रक्त काढतात आणि त्यातल्या तांबड्या पेशी घोड्याला परत देतात. उरलेला द्रव शुद्ध करून, गोठवून सुकवून कुपीत भरतात. त्या पांढऱ्या भुकटीच्या कुपीवर छापलेलं असतं की एक मिलिलिटर सीरम नागाचं ०.६, मण्यारचं ०.४५, घोणशीचं ०.६ आणि फुरशाचं ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करतं. ही चार आकड्यांची ओळ मला तोंडपाठ आहे. कुपी फोडायची, दहा मिलिलिटर पाणी घालायचं आणि हलवायची नाही, तळहातांत हळूहळू फिरवायची. हलवली की फेस येतो आणि औषध फुकट जातं. पहिल्या डोसला अशा आठ-दहा कुपी एकापाठोपाठ विरघळवायच्या. बाहेर नातेवाईक उभे असतात, डॉक्टर सलाइन लावत असतात, आणि आपण कुप्या फिरवत असतो. त्या मिनिटांत हात घाईला येतात. ते आवरायला मला वेळ लागला.

पण द्यायचं की नाही हे कसं ठरतं? फुरशाच्या बाबतीत त्याला एक विलक्षण साधी तपासणी आहे. नवी, कोरडी, काचेची छोटी नळी घ्यायची. रुग्णाचं दोन मिलिलिटर रक्त त्यात घालायचं. घड्याळात वेळ बघायची आणि नळी वीस मिनिटं कुणीही हात न लावता ठेवायची. मग तिरकी करायची. रक्ताची गाठ तळाला चिकटून राहिली तर ठीक. रक्त पाण्यासारखं काचेवरून वाहिलं तर विष शरीरात पसरलंय. प्लॅस्टिकची नळी चालत नाही, साबणाने धुतलेलीही नाही, कारण रक्त गोठायला काचेचा निखळ स्पर्श लागतो. फुरशाचं विष रक्त गोठवणाऱ्या यंत्रणेला भलत्या वेळी आणि भलत्या प्रमाणात चालू करतं. त्यात गोठवायला लागणारं फायब्रिनोजेन संपून जातं आणि खऱ्या जखमेच्या वेळी काही उरत नाही. ही तपासणी रुळली ती मुख्यतः आफ्रिकेतल्या कामामुळे. १९७०च्या दशकात डेव्हिड वॉरेल आणि त्यांचे सहकारी नायजेरियात तिथल्या फुरशाच्या रुग्णांवर काम करत होते. वीज नाही, यंत्र नाही, पण काचेची नळी आणि घड्याळ असेल तर झाडाखालीही होते, असं तिचं स्वरूप.

आमच्याकडच्या एका वाडीतल्या काकी मला आठवतात. संध्याकाळी सहाला आल्या, बोट सुजलेलं, बाकी ठणठणीत. “बाय, माका काय होणा नाय, घराक जांवदे, म्हशी बांधूच्या हत,” हेच त्यांचं चाललं होतं. वीस मिनिटांनी डॉक्टरांनी नळी तिरकी केली आणि रक्त काठापर्यंत वाहत आलं. त्यांनी ती नळी काकींच्या मुलाला दाखवली, काही बोलले नाहीत. मुलगा म्हशी बांधायला स्वतः गेला. सीरम दिल्यावर सहा तासांनी पुन्हा नळी लावायची असते. मध्यरात्र उलटून गेली होती तेव्हा गाठ तळाला चिकटलेली दिसली. विडालच्या काळात याच काकी घरी गेल्या असत्या.

महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून मृत्यू कसे खाली आणले ते मराठी वाचकाला ठाऊक आहे. त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या सर्पदंशाचाही अभ्यास करून तो २००२ला विलायतेतल्या नियतकालिकात छापला. कोकणातला डॉक्टर कोकणातला साप आणि कोकणातला रुग्ण यांची नोंद ठेवतो, हे मला सीरमइतकंच मोलाचं वाटतं. २०११मध्ये घरोघरी मृत्यूंची चौकशी करून झालेल्या मोठ्या अभ्यासाने २००५ सालात देशात सुमारे ४५,९०० माणसं सर्पदंशाने गेल्याचं दाखवलं. सरकारी दप्तरात त्याच्या कितीतरी कमी नोंद होती. बहुतेक मृत्यू इस्पितळाबाहेर झाले होते. २०२०च्या अभ्यासात वर्षाला सरासरी ५८,००० असा अंदाज आला. नोंदी अपुऱ्या असतात ही १८९०ची तक्रार सव्वाशे वर्षांनीही खरीच निघाली.

इथे इतिहास पुन्हा लॅमपाशी, प्रत्येक विषाला त्याचं त्याचं प्रतिविष या नियमापाशी, येतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर साप मारणं, पकडणं, कातडी विकणं बंद झालं आणि ते झालं हे फार चांगलं झालं. १९७८ला तमिळनाडूत इरुळा आदिवासींची साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली. पूर्वी कातडीच्या व्यापारावर जगणारे हे लोक आता परवान्याने साप पकडतात, काही आठवडे ठेवून विष काढतात आणि पोटाच्या खवल्यावर खूण करून सापाला सोडून देतात. देशभरातल्या सीरम कारखान्यांना मुख्यतः याच संस्थेचं विष मिळत आलं आहे. म्हणजे राजापुरात फुटणाऱ्या कुपीतलं फुरसं बहुधा मद्रासच्या आसपासचं. ते आमच्या फुरशाचं सख्खं भावंड आहे, चुलत आहे की लांबचं?

हा प्रश्न पोकळ नाही. २००४ला घानामध्ये तिथल्या फुरशावर भारतीय फुरशाच्या विषापासून बनलेलं सीरम वापरायची वेळ आली. साप एकाच कुळातले, पण मृत्यूंचं प्रमाण १.८ टक्क्यांवरून १२.१ टक्क्यांवर गेलं. हा प्रकार आफ्रिकेतला म्हणून बाजूला ठेवता येत नाही. आपल्याच राजस्थानातल्या वाळवंटात फुरशाची सोचुरेकी ही मोठ्या अंगाची उपजात राहते आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांच्या गटाने २०१९ला दाखवून दिलं की बाजारातली सीरमं तिच्या विषापुढे कमी पडतात. कोकणच्या फुरशावर आमचं सीरम काम करतं, हे मी नळ्यांमध्ये पाहिलं आहे. पण किती कुप्यांत करतं आणि कोकणचंच विष घोड्याला टोचलं असतं तर किती कुप्यांत केलं असतं? प्रत्येक जादा कुपीबरोबर घोड्याची प्रथिनं माणसाच्या शरीरात जातात, अंगावर पित्त उठतं, कधी रक्तदाब पडतो, ॲड्रिनलिन भरून हाताशी ठेवावं लागतं. म्हणून कमी कुपीत भागणं ही नुसती पैशांची बाब नाही. सड्यावरचं फुरसं परवानगीने पकडून, त्याचं विष काढून, त्याला तिथेच सोडून, त्या विषाची तुलना करणं हे काम महाराष्ट्राने आपलं मानून करायला हवं. परळची परंपरा आपली आहे.

फुरशाने माणसाला आणखी एक गोष्ट दिली आहे. त्याच्या विषातल्या एकिस्टॅटिन या प्रथिनाचा आकार अभ्यासून टायरोफायबॅन हे औषध घडवलं गेलं. ते १९९८ला अमेरिकेत मंजूर झालं आणि हृदयविकाराच्या झटक्यात रक्तवाहिनीतल्या गाठी वाढू नयेत म्हणून देतात. रक्त न गोठू देणं ज्याचा धर्म, त्यातूनच हे निघालं. सड्यावरचे लोक मला विचारत, “ह्या जनावराचो उपयोग काय?” तेव्हा मी हे सांगत असे, आणि विंचू खातं हेही.

त्याचं घर मात्र कमी होतंय. सडा हा महसुली भाषेत पड जमीन. बघणाऱ्याला काळा दगड दिसतो. पावसात त्याच दगडावर कीटकभक्षी वनस्पती, आखूड गवतं आणि डबक्यांत बेडूक असतात. कातळात सुरुंग लावून आंब्याची कलमं लावली जातात, चिरेखाणी खोल जातात, प्लॉट पडतात. दगड उलटले की फुरसं गडग्यात येतं, गडग्यातून पडवीत. माणूस आणि साप एकमेकांच्या जवळ आले की दोघांचंही वाईट होतं. सडा सड्यासारखा राहिला तर दंशही कमी होतील. मला हे पर्यावरणाचं म्हणून जेवढं वाटतं तेवढंच आरोग्याचं म्हणून वाटतं.

२०२४च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाचे मृत्यू २०३०पर्यंत निम्मे करण्याचा राष्ट्रीय आराखडा काढला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात राज्यांना सर्पदंश हा कळवणं बंधनकारक असलेला आजार करायला सांगितलं. आता माझ्या जागी काम करणारी मुलगी सांगते, लोक साप मारून पिशवीतून आणत नाहीत, लांबूनच मोबाइलवर फोटो काढून आणतात. ती फोटो मोठा करून डोक्यावरची खूण बघते, सर्पमित्राला पाठवून खात्री करते आणि केसपेपरवर नुसतं ‘सर्पदंश’ न लिहिता पुढे ‘फुरसं’, गाव, वेळ आणि काम काय चाललं होतं ते लिहिते.